डिस्चार्ज बुकात न चढलेली पदकं

फौजेतून घरी येताना जवानाच्या हातात डिस्चार्ज बुक पडतं आणि पुढची तीस-चाळीस वर्षं घरातला तो सर्वांत जपलेला कागद होतो. पेन्शनच्या कामाला ते लागतं, कँटीन कार्डाला लागतं, मुलांच्या सवलतींना लागतं. दर वेळी समोरचा कारकून त्यातला नंबर, हुद्दा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख पाहतो आणि पुस्तक परत करतो. पदकांच्या रकान्याकडे नजर जाते ती फार उशिरा. गावात माजी सैनिकांचा नामफलक लावायचा ठरतो, किंवा वडील गेल्यावर त्यांचा कोट बाहेर निघतो. कोटावर पाच फिती असतात आणि पुस्तकात दोनच नावं.

मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जाऊ दे, आता काय उपयोग. दुसरा थेट संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहायला बसतो. ते पत्र फिरत फिरत शेवटी ज्या रेकॉर्ड ऑफिसात यायचं तिथेच येतं, फक्त काही महिने उशिरा. त्यापेक्षा पहिल्यापासून योग्य टेबलावर योग्य कागद ठेवलेला बरा. तो कागद कोणता, हे समजलं की निम्मं काम झालं.

आधी पार्ट टू शोधा

डिस्चार्ज बुक हा मूळ दस्तऐवज नाही, तो उतारा आहे. मूळ दस्तऐवज म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात राहणारा शीट रोल. आणि शीट रोलमध्ये कुणाच्या तोंडी सांगण्यावरून काहीच चढत नाही. तिथे नोंद व्हायची तर पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. लग्न, मुलाचा जन्म, बढती, रजा, बदली, सगळ्याची पार्ट टू निघते. फौजी माणसाच्या बायकोला हे वेगळं सांगायला नको. 'आपल्या लग्नाची पार्ट टू झाली का' हा प्रश्न तिने नवऱ्याला पत्रातून विचारलेला असतो. पदकाचंही तसंच. युनिटमध्ये पात्र जवानांची यादी होते, ती तपासली जाते, पदक मिळाल्याची पार्ट टू निघते, तिची प्रत रेकॉर्डला जाते आणि तिथला कारकून ती शीट रोलवर चढवतो. जवान घरी निघाला की शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. नौदलात हेच काम जेनफॉर्मने होतं, हवाई दलात पीओआरने. नाव वेगळं, साखळी तीच.

म्हणजे पदक गळण्याच्या जागा तीन. पार्ट टू निघालीच नाही. निघाली, पण शीट रोलवर चढली नाही. शीट रोलवर आहे, पण डिस्चार्ज बुक भरताना राहून गेली. तिसरी चूक रेकॉर्ड ऑफिसला स्वतःच्याच कागदावरून दुरुस्त करता येते. दुसरीला त्या ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख पुरते. पहिली अवघड, कारण तिथे पदकाचा हक्कच नव्याने सिद्ध करावा लागतो. तुमची चूक यातली कोणती आहे हे कळल्याशिवाय अर्ज करणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की दुरुस्ती मागण्याआधी नक्कल मागा. शीट रोलच्या पदकांच्या पानाची साक्षांकित प्रत, पदकांसंबंधी निघालेल्या पार्ट टू ऑर्डरींची यादी आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या युनिटमध्ये होते त्याचा तक्ता. साध्या अर्जावर या प्रती मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर माहितीच्या अधिकारात मागा. सैन्यदलं या कायद्याच्या कक्षेत आहेत. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. माजी सैनिक स्वतः अर्ज करत असतील तर ओळखपत्राची प्रत पुरते. ते हयात नसतील आणि पत्नी किंवा मुलगा अर्ज करत असेल, तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा पहिल्याच दिवशी जोडा. नाहीतर 'ही त्रयस्थाची खासगी माहिती आहे' असं उत्तर येतं आणि एक महिना वाया जातो.

पदकं का गळतात

यात दर वेळी कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. युद्धाची पदकं युद्ध संपल्यानंतर जाहीर होतात. युनिटमध्ये यादी बनेपर्यंत जवान बदलीवर गेलेला असतो, कोर्सला असतो, हॉस्पिटलात असतो, किंवा घरी येऊन शेतीला लागलेला असतो. जुन्या युनिटला वाटतं नवं युनिट नाव घालेल, नव्याला वाटतं जुन्याने घातलं असेल. दुसऱ्या युनिटला जोडून दिलेल्या माणसांच्या बाबतीत हे फार होतं. सिग्नलचा ऑपरेटर, ईएमईचा मेकॅनिक, इंजिनिअर्सची तुकडी, मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट ही मंडळी लढली एका पलटणीबरोबर आणि त्यांचे कागद राहिले दुसरीकडे. पायदळातल्या जवानापेक्षा या लोकांची डिस्चार्ज बुकं मी जास्त बारकाईने पाहीन.

माजी सैनिकांची दुसरी पिढी इथे आणखी एका ठिकाणी अडखळते. सेवानिवृत्तीनंतर बरेच जण डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती होतात. त्यांची दोन डिस्चार्ज बुकं असतात आणि दोन रेकॉर्ड ऑफिसं. पदक पहिल्या पुस्तकात आहे, दुसऱ्यात नाही, अशी अवस्था सर्रास दिसते. घरात दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसा.

सारख्या नावांचा सापळा

आपल्याकडच्या पदकांची नावं ज्यांनी ठेवली त्यांनी कारकुनांचा विचार केला नसावा. सेना मेडल वेगळं, सैन्य सेवा मेडल वेगळं, सामान्य सेवा मेडल वेगळं आणि समर सेवा स्टार वेगळा. सेना मेडल शौर्यासाठी किंवा कर्तव्यनिष्ठेसाठी एकेका माणसाला मिळतं. सैन्य सेवा मेडल खडतर भागात ठरावीक काळ सेवा केलेल्या सर्वांना मिळतं. सामान्य सेवा मेडल १९६५ हे १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलच्या जागी आलं. समर सेवा स्टार १९६५ च्या युद्धातला. घरचे लोक 'वडिलांना सेना मेडल होतं' म्हणतात तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा ते सैन्य सेवा मेडल निघतं. त्यात कमीपणा काही नाही, पण अर्जात चुकीचं नाव पडलं तर 'सदर पदक दिल्याची नोंद नाही' असं खरं उत्तर येतं आणि प्रकरण तिथेच मिटतं.

विशिष्ट सेवा मेडल आणि विशेष सेवा मेडल हेही असेच जुळे भाऊ. पहिलं असामान्य सेवेबद्दल व्यक्तीला, दुसरं विशेष मोहिमेत भाग घेतलेल्यांना. श्रीलंकेत ऑपरेशन पवनमध्ये गेलेल्यांच्या कागदांत या दोघांची अदलाबदल पाहायला मिळते.

'विजय' नावाची गंमत तर आणखी पुढची. १९६१ मध्ये गोवा मुक्त करणारी मोहीमही ऑपरेशन विजय आणि १९९९ ची कारगिलची मोहीमही ऑपरेशन विजय. पण ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल ही कारगिलची पदकं आहेत. गोव्यात उतरलेल्या जवानाचा हक्क जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर आणि त्याच्या फितीवर बसणाऱ्या 'गोवा १९६१' या पट्टीवर. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या घराने आजोबांसाठी 'ऑप विजय मेडल' मागितलं तर रेकॉर्ड ऑफिस ते देणार नाही, आणि त्याचं चुकतही नाही.

तसंच पराक्रम. पराक्रम पदक म्हणजे शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्याला मिळणारं पदक. १९७३ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव वूंड मेडल होतं. ऑप पराक्रम मेडल हे संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये सीमेवर सैन्य उभं राहिलं त्या तैनातीचं. एकात रक्त सांडलेलं असतं, दुसऱ्यात महिनोन्महिने सुरुंग पेरून वाट पाहिलेली असते. जखमी जवानाच्या पुस्तकात पराक्रम पदकाऐवजी ऑप पराक्रम पडलं असेल, तर ती दुरुस्ती सर्वांत आधी करून घ्या.

पट्ट्यांबद्दल एक शब्द. सैन्य सेवा, सामान्य सेवा, विदेश सेवा या पदकांवर भागाच्या किंवा मोहिमेच्या नावाची धातूची पट्टी असते, तिला क्लास्प म्हणतात. पदक एकदाच मिळतं, पुढच्या भागासाठी फक्त पट्टी वाढते. डिस्चार्ज बुकात नुसतं 'सैन्य सेवा मेडल' लिहिलेलं असेल आणि पट्टीचं नाव नसेल, तर ती नोंद अर्धीच समजा.

पुरावा पदकागणिक बदलतो

एक नमुना घेऊ. तोफखान्यातला गनर, १९६८ मध्ये भरती, १९८५ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त. १९७१ च्या डिसेंबरात त्याची रेजिमेंट पश्चिम आघाडीवर होती, नंतर काही वर्षं जम्मू-काश्मीरमध्ये. डिस्चार्ज बुकात टाइप केलंय 'संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल'. बस्स.

काय राहिलं ते याच पुस्तकाच्या पहिल्या पानावरून कळायला लागतं. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना मिळालं. हा माणूस त्या दिवशी सेवेत होता हे भरतीच्या आणि निवृत्तीच्या तारखाच सांगतात, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. (५० व्या वर्षाच्या पदकाला १५ ऑगस्ट १९९७ आणि ७५ व्या वर्षाच्या पदकाला १५ ऑगस्ट २०२२ हीच कसोटी.) पुढे सेवाकाळाचं पदक. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची वेगवेगळी पदकं आहेत आणि वरचं मिळालं म्हणून खालचं जात नाही. या गनरची सेवा १७ वर्षांची, म्हणजे ९ वर्षांचं पदक हवं. इथे मात्र वर्तन समाधानकारक लागतं. सेवेत रेड इंक एन्ट्री, म्हणजे लाल शाईची शिक्षेची नोंद, झालेली असेल तर पदक मुद्दामच दिलेलं नसू शकतं. घरच्यांना ही गोष्ट माहीत नसते. वडील हयात असतील तर अर्ज टाकण्याआधी त्यांना एकट्याला गाठून विचारा.

राहिला पश्चिमी स्टार. तो तारखेवर मिळत नाही, जागेवर मिळतो. १९७१ च्या युद्धात माणूस पश्चिम आघाडीच्या क्षेत्रात होता हे दाखवावं लागतं. पूर्वेकडच्यांसाठी पूर्वी स्टार. युनिटचा तक्ता हाती असेल तर निम्मा प्रश्न सुटतो, कारण ती रेजिमेंट कुठे होती हे सैन्याच्या युद्धनोंदींत आहेच. तक्त्यात माणूस त्या आठवड्यांत सेंटरवर किंवा रजेवर दाखवला असेल, तर मात्र घरातली ट्रंक उघडायला हवी. जुनी आंतर्देशीय पत्रं फेकू नका. त्यांवरचा पत्ता 'मार्फत ५६ एपीओ' की 'मार्फत ९९ एपीओ' यावरून माणूस पश्चिम-उत्तरेकडे होता की पूर्वेकडे, एवढं तरी कळतं. फील्ड पोस्ट ऑफिसच्या गोल शिक्क्यावर क्रमांक आणि तारीख असते. मनीऑर्डरची कुपनंही चालतात. त्याच बॅटरीतल्या दोघा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली तर वजन येतं, विशेषतः त्यातला एखादा जेसीओ म्हणून निवृत्त झालेला असेल तर. फोटोंचा मोह आवरा. बर्फात उभ्या असलेल्या चार जवानांचा फोटो घरी मोलाचा, रेकॉर्ड ऑफिसात त्याने काहीच सिद्ध होत नाही.

उंचीच्या पदकालाही हाच न्याय. उच्च तुंगता सेवा मेडलला ९,००० फुटांवर १८० दिवस लागतात, म्हणजे दिवसांचा हिशेब लागतो. जखमेच्या पदकाला युनिटचा इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, मेडिकल बोर्डाचे कागद आणि मुख्य म्हणजे 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी निघालेली पार्ट टू. ती 'फिजिकल कॅज्युअल्टी' अशी निघाली असेल, तर आधी तो शब्द बदलून घ्यावा लागेल. पदकाचा प्रश्न त्यानंतरचा.

कोणत्या रेकॉर्डला लिहायचं

गाव कुठलं याला महत्त्व नाही, रेजिमेंट कुठली याला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्सचं नागपूरजवळ कामठीला. तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री या दोघांचंही अहिल्यानगरला. सिग्नल्सचं जबलपूर, ईएमईचं सिकंदराबाद, डीएससीचं कन्नूर. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कचं एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्डला नसतात, ते दिल्लीत सेना मुख्यालयात असतात.

अर्ज थेट पाठवता येतो. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेलेल्या अर्जाला आवक-जावक क्रमांक दोन ठिकाणी पडतो आणि पुढे पाठपुरावा करताना तो उपयोगी येतो. प्रती साक्षांकित करून देण्याचं कामही तिथे होतं.

अर्ज

भावनेचा मजकूर घरच्या चौकटीतल्या फोटोखाली शोभतो, अर्जात नको. 'माझ्या वडिलांनी देशासाठी प्राणांची पर्वा न करता' अशी सुरुवात झाली की वाचणारा पुढच्या परिच्छेदावर उडी मारतो. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा कारकून केरळचा किंवा बिहारचा असू शकतो. मजकूर साधारण असा ठेवा:

'विषय: पदकांच्या नोंदीत दुरुस्ती. नंबर अमुक, हुद्दा हवालदार (निवृत्त), नाव अमुक, ट्रेड अमुक. भरती दिनांक अमुक, निवृत्ती दिनांक अमुक. डिस्चार्ज बुकातील सध्याची नोंद: संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल. पुढील पदकांची नोंद नाही: (१) पश्चिमी स्टार, डिसेंबर १९७१ मध्ये अमुक रेजिमेंट, अमुक बॅटरी. (२) २५ वे स्वातंत्र्य वर्ष पदक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत. (३) ९ वर्षे दीर्घ सेवा पदक. (४) सैन्य सेवा मेडलवरील जम्मू-काश्मीर क्लास्प. शीट रोलमधील नोंद तपासून, नोंद असल्यास डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करावी. नोंद नसल्यास पात्रता तपासून पार्ट टू ऑर्डर काढावी. पात्र नसल्यास पदकनिहाय कारण लेखी कळवावे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. 'पात्र नाही' एवढंच मोघम उत्तर घेऊन पुढे कुठेच जाता येत नाही. पदकनिहाय कारण हाती आलं की त्यातलं एखादं तरी खोडून काढता येतं.

नाव मात्र रेकॉर्डला आहे तसंच घाला. आपल्याकडे हा मोठा घोटाळा आहे. शाळेच्या दाखल्यावर गणपत, भरती करणाऱ्याने लिहिलं गणपती; आडनाव कुठे आहे, कुठे नाही; जाधवचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचं. नाव बदलणं ही स्वतंत्र प्रक्रिया आहे. दोन्ही दुरुस्त्या एकाच अर्जात घातल्या तर दोन्ही लटकतात.

मूळ डिस्चार्ज बुक आपणहून टपालात टाकू नका. आधी प्रत पाठवा. नोंद करण्यासाठी रेकॉर्ड ऑफिसने मूळ पुस्तक लेखी मागितलं, की प्रत्येक पान, कोरं पानसुद्धा, रंगीत स्कॅन करून ठेवा, साक्षांकित प्रत घरी ठेवा आणि मगच स्पीड पोस्टने पाठवा. पुस्तक हरवलेलंच असेल तर पोलिसांकडचा गहाळ दाखला आणि प्रतिज्ञापत्र घेऊन आधी त्याच्या बदल्यातलं प्रमाणपत्र मिळवा आणि त्याच वेळी पदकांची नोंद बरोबर येईल हे पाहा.

कागद नष्ट झाले असतील तर

'कागद नष्ट झाले' हे उत्तर अनेकांना येतं आणि ते ऐकून लोक हात टेकतात. सैन्याच्या नियमांनुसार पेन्शन नसलेल्या जवानाचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करता येतात. जुन्या काळात कमी सेवेवर, राखीव म्हणून किंवा पेन्शनला पात्र होण्याआधी घरी आलेल्यांना हा नियम आडवा येतो. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या जवानांत असे पुष्कळ आहेत. पण लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम ठेवलं जातं. 'कागद उपलब्ध नाहीत' असं उत्तर आलं की पुढचा अर्ज लाँग रोलच्या उताऱ्यासाठी करा. त्यात मजकूर थोडा असतो, पण भरती, निवृत्ती आणि सेवेची जुजबी नोंद मिळते, आणि तारखेवर मिळणाऱ्या पदकांसाठी एवढं पुरतं. जागेवर मिळणाऱ्या पदकांसाठी मग घरातले कागद आणि सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं हाच आधार. सोबती ऐंशी-पंच्याऐंशीचे झालेत. पुरावे कोणत्या क्रमाने गोळा करायचे असा प्रश्न असेल तर आधी माणसांकडे जा, कागदांसाठी नंतर वेळ आहे.

शौर्यपदक असेल तर

वरची बहुतेक पदकं मानाची आहेत, त्यांतून दरमहा रुपयाही मिळत नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण 'पदक चढवून देतो, मोठी रक्कम मिळेल' म्हणत पैसे मागणारे एजंट फिरतात. शौर्यपदकांचं मात्र तसं नाही. त्यांना केंद्राकडून दरमहा भत्ता आहे. १ ऑगस्ट २०१७ पासूनचे दर असे: परमवीर चक्र २०,००० रुपये, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,००० आणि सेना, नौसेना, वायुसेना मेडल (शौर्य) २,०००. राज्य सरकारकडूनही शौर्यपदकधारकांना रक्कम दिली जाते. तिचे आकडे शासन निर्णयानुसार बदलतात, चालू आकडा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावा.

सेना मेडलच्या पुढचा कंसातला 'शौर्य' हा शब्द इथे कळीचा. भत्ता शौर्यासाठीच्या सेना मेडलला आहे, कर्तव्यनिष्ठेच्या नाही. डिस्चार्ज बुकात नुसतं 'सेना मेडल' असेल तर त्यावर भत्ता सुरू होणार नाही. शौर्यपदकं भारताच्या राजपत्रात अधिसूचित होतात. त्या अंकाची प्रत काढा, पदक कशाबद्दल दिलं हे तिथे असतं. ती जोडून आधी रेकॉर्डला नोंद दुरुस्त करून घ्या आणि मग पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, तशी दुरुस्ती मागा. पेन्शन आता स्पर्श प्रणालीवर आहे; तिथल्या माहितीत पदक दिसलं नाही तर बँकेत हेलपाटे घालून काही होणार नाही, कारण बँकेला ती माहिती बदलता येत नाही.

एक भेद मनात पक्का ठेवा. सेवापदक अटी पुऱ्या केल्या की हक्काने मिळतं. शौर्यपदकाची शिफारस त्या वेळी व्हावी लागते. 'साहेबांनी नाव पाठवतो म्हणून सांगितलं होतं' या आठवणीवर पन्नास वर्षांनी वीर चक्र मिळत नाही, आणि त्या आशेवर म्हाताऱ्या माणसाला कचेऱ्यांतून फिरवणं बरं नव्हे. मिळालेलं पदक नोंदीत नाही, ही मात्र वेगळी तक्रार आहे आणि ती जिंकता येते. चीफच्या किंवा आर्मी कमांडरच्या कमेंडेशन कार्डाबद्दलही विचारणा होते. ते पदक नव्हे, पण सेवेच्या कागदांत त्याची नोंद असायला हवी. कार्डाची प्रत जोडून ती मागता येते.

उत्तर आलंच नाही तर

दोन-तीन महिन्यांनी स्मरणपत्र, त्यात पहिल्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख. तरीही शांतता असेल तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर संरक्षण मंत्रालयाच्या नावे तक्रार नोंदवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर नसेल तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तेही फसलं तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. लेखी नकार आला आणि तो पटण्यासारखा नसेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं मुंबईतलं खंडपीठ महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी आहे आणि निवृत्त सैनिकाला तो राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडे जाता येतं. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. विलंब माफ होऊ शकतो, पण कारण द्यावं लागतं. आधी खात्याकडे दाद मागितली होती हे दाखवल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा प्रकरण ऐकत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच्या पोचपावत्या एका फाइलीत लावून ठेवा. नुसत्या ९ वर्षांच्या पदकासाठी मी कुणाला वकील करायला सांगणार नाही. भत्ता अडकलेल्या शौर्यपदकासाठी किंवा जखमेच्या नोंदीसाठी जरूर सांगेन.

नोंद झाली म्हणजे पदक हातात आलं असं नाही. नोंद एका वाटेने जाते आणि धातूचं पदक दुसऱ्या. पदकांचा पुरवठा रखडतो हे फौजेत जुनं दुखणं आहे, म्हणूनच छावणीच्या बाजारात पदकं विकणारी दुकानं चालतात. बाजारातली प्रतिकृती कोटावर लावायला हरकत नाही, पण नोंदीचं पत्र हाती आल्यावर, आधी नको. मूळ पदक पहिल्यांदा मोफत मिळतं, हरवल्यावर दुसरं मागितलं तर पैसे भरावे लागतात. टपालाने पदक आलं की खोक्यात परत ठेवण्याआधी कड उजेडात धरून वाचा. नंबर, हुद्दा आणि नाव कडेवर कोरलेलं असतं. ते शीट रोलच्या प्रतीशी ताडून पाहा, आणि एखादा आकडा जरी चुकला असेल तर पदकाचा फोटो जोडून, त्याच पत्रव्यवहाराचा क्रमांक घालून, त्याच आठवड्यात रेकॉर्डला कळवा.